नाव एक, माप एक

१२/१०, गुरुवार

आजपासून नवी रोजनिशी. जुनीत पानं शिल्लक आहेत, पण त्यात नुसत्या काळज्या आहेत. ती बंद. हीत फक्त काम. तारीख एकाच पद्धतीने लिहायची: आधी दिवस, मग तिरकी रेघ, मग महिना. सॉफ्टवेअरवाल्या माणसाने निदान स्वतःच्या वहीत तरी गोंधळ घालू नये.

मोठी बातमी. घनश्यामसेठच्या जिनिंगचं काम मिळालं. दिवाळीनंतर तिथे कापसाची खरेदी सुरू होईल. यंदा शेतकऱ्याची पावती हाताने लिहायची नाही, कॉम्प्युटरमधून निघणार. प्रोग्राम मी लिहिणार. बाबांशी बोलणं झालं: हंगाम नीट पार पडला तर घराची पुढची खोली माझं ऑफिस. दारावर पाटी, 'भैरवी सॉफ्टवेअर, आर्णी'. नाही पडला तर महागावला मामाच्या शाळेत कारकून. आईने मामाला फोन करून जागा धरून ठेवायला सांगितलंसुद्धा. आईचा विश्वास हा असा.

कारकुनी मी करणार नाही. चार ओळी सुबक लिहायच्या आणि सही घ्यायची, यासाठी मी यवतमाळला दोन वर्षं एसटीने कॉम्प्युटर शिकायला गेले नाही.

सेठकडून येताना त्यांचं पेन चुकून पर्समध्ये आलं. परत जाऊन दिलं. सेठ म्हणाले, ठेव न बेबी, फुकटचं हाये, बियाण्याच्या कंपनीचं. ठेवलं नाही.

१४/१०, शनिवार

कामाचा गाभा सापडला: डेटा टाइप. प्रोग्राम व्हीबीमध्ये, म्हणजे व्हिज्युअल बेसिक या भाषेत, माहिती साठणार डेटाबेसमध्ये. प्रत्येक माहितीला भांडं लागतं. आकड्याला वेगळं, नावाला वेगळं, तारखेला वेगळं, हो-नाहीला वेगळं. व्हीबीची भांडी वेगळी आणि डेटाबेसची वेगळी. इकडच्या भांड्यातलं तिकडे ओतताना सांडू नये, एवढंच. लोक इथेच घाई करतात. मी करणार नाही.

कार्डशीट आणली. डावीकडे व्हीबीचे प्रकार, उजवीकडे डेटाबेसचे, मध्ये स्केचपेनने बाण. सगळ्यात सोपा बाण आधी काढला: इंटिजरपासून इंटिजरपर्यंत. नाव एक, माप एक. हा बाण पट्टी न घेता काढला, इतकी खात्री.

लायब्ररीच्या पुस्तकात शेवटी या विषयाचा तयार तक्ता आहे म्हणतात. पण ती दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत. जोर केला तर फाटतील. पुस्तक आपलं नाही. सोडून दिलं. मुळात समजलं असेल तर तक्ता कशाला लागतो?

आईने भिंतीवरचे बाण पाहिले. म्हणाली, हे कुणाकुणाचं जमवून राह्यली? मी समजावलं. इंटिजर-इंटिजरचा बाण दाखवला. तर म्हणे, नाव एक असलं म्हणून काय झालं? आपल्या नात्यात दोन नंदकिशोर आहेत. एक तुझे बाबा, अन् एक तो दारव्ह्याचा, जो माझ्या लग्नात जेवायच्या पंगतीत झोपला. हे दोघं सारखे आहेत काय?

आईला टेक्निकल विषय सांगू नये.

१८/१०, बुधवार

नावाच्या रकान्याला किती अक्षरं? पाहणी केली. माझं, आईचं, बाबांचं नाव इंग्रजीत लिहून अक्षरं मोजली. वीस पुरतात. वीस ठेवली.

नंतर ओला कापूस. गाडी ओली आहे की नाही, एवढंच नोंदवायचं. हो किंवा नाही. इथे एक गंमत कळली: व्हीबीमध्ये 'खरं' म्हणजे उणे एक. खोटं म्हणजे शून्य. आकड्याचा छोटा रकाना ठेवला, त्यात जाईल ते जाईल. बाबांना जेवताना सांगितलं. घास हातात धरून थांबले. म्हणाले, आमच्या खात्यातही असंच होतं, पण आम्ही लिहून ठेवत नव्हतो.

बाबा पटवारी होते. खेड्यापाड्यात बदल्या, कुठे शाळा असे तर मास्तर नसे. म्हणून चौथीपर्यंत त्यांनीच घरी शिकवलं, जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर. त्यांचं एकच सांगणं होतं: अक्षर असं पाहिजे की कोर्टात उभं राहिलं पाहिजे. अक्षर चांगलं आहे माझं. उपयोग काय, आता सगळं टायपिंगच.

२१/१०, लक्ष्मीपूजन

कॉम्प्युटरची पूजा झाली. आईने हळदकुंकू वाहिलं ते स्पेसबारच्या फटीत गेलं. आता दोन शब्दांत अंतर पाडायचं तर अंगठ्याने जोर लावावा लागतो. काळजी केली नाही.

८/११, बुधवार

ट्रायल. पाच गाड्यांचा कापूस मनाने घातला. वजन, नाव, बेरीज, पावती, सगळं बरोबर. सेठ खूश. पाच बरोबर तर पाचशेही बरोबर. कॉम्प्युटरला थकवा नसतो.

संकल्प: परवा मुहूर्त आहे, म्हणून उगाच दहा वेळा तपासायचं नाही. हा माझा जुना दोष आहे. गॅस बंद केला का, कडी लावली का, असं मी परत परत पाहते. सुटला पाहिजे.

(यूपीएस तीनदा पाहिला. लोडशेडिंगसाठी. तो दोषात धरला नाही.)

१०/११, शुक्रवार. मुहूर्त

सकाळ. पहिली बैलबंडी लाखरायाजीच्या तांड्यावरच्या रूपसिंगची. सेठने त्याला टोपी आणि नारळ दिला, बैलांना गुलाल. काट्यावर वाहिदभाई वजन पुकारायला. मी खिडकीत. हात थंड होते, पण नोव्हेंबर आहे.

पहिली पावती निघाली. टाळ्या. मग वाहिदभाईंनी मोठ्याने वाचली: रूपसिंग सेवादास रथ. राठोडमधले इंग्रजी ओ आणि डी वीस अक्षरांच्या बाहेर पडले. वाहिदभाई म्हणाले, बेबी, गाडी बैलाची हाये, तू रथ करून टाकला. रूपसिंग म्हणाला, जाऊ द्या, बापाले नाही कापलं हेच नशीब. लोक हसले. वातावरण छान राहिलं.

(सगळ्यांची नावं आपल्या घरातल्याएवढी नसतात, हे यवतमाळला शिकवायला हवं होतं.)

दुपार. एक अडथळा. लहान. दिवसाची बेरीज वाढत वाढत बत्तीस हजार सातशे किलोंपर्यंत गेली आणि पुढच्या गाडीला स्क्रीनवर पाटी आली: ओव्हरफ्लो. मशीन पुढे सरकेना. बाहेर रांग.

सेठ आले. पाटी वाचली. म्हणाले, ओव्हरफ्लो? कुठं? चाल, मले दाखव. मला हाताला धरून शेडमध्ये नेलं. भल्या मोठ्या शेडमध्ये कोपऱ्यात एक ढीग, बाकी फरशी. आपले आवाज आपल्याला परत ऐकू येत होते. सेठ म्हणाले, बेबी, चार साल झाले ही शेड भरली नाही. यंदा खरंच ओव्हरफ्लो झाली तर मी आर्णीत जिलबी वाटतो.

मी म्हटलं, शेड नाही, इंटिजर.

बाकीच्या पावत्या बेरजेशिवाय काढल्या. एकंदर मुहूर्त यशस्वी.

१२/११, रविवार

पुस्तकाची चिकटलेली पानं चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. फाटली नाहीत. एक कोपरा ओला झाला; लायब्ररीत सांगावं लागेल.

तक्त्यात स्वच्छ लिहिलंय. व्हीबीची इंटिजर म्हणजे वाटी. बत्तीस हजार सातशे सदुसष्टवर काठोकाठ. डेटाबेसची इंटिजर म्हणजे आपलं स्वयंपाकाचं मोठं पातेलं, गंज, त्यात दोनशे कोटी मावतात. व्हीबीत त्या गंजाला लाँग म्हणतात आणि डेटाबेसमध्ये आपल्या वाटीला स्मॉलइंट. म्हणजे मी बिचारी वाटीने गंज भरत होते.

पहिला बाण व्हाइटनरने पुसून तिरका काढला. चूक माझी नाही. दोन वेगळ्या भांड्यांना एक नाव ठेवणाऱ्याची आहे. आईने पुसलेला बाण पाहिला आणि विचारलं, मोडलं काय? मग दारव्ह्याच्या नंदकिशोरकाकांना उगाच फोन करून तब्येत विचारली.

१७/११, शुक्रवार

आठवड्याचा रिपोर्ट सेठला दिला. सुबक. बॉर्डरसकट. त्यात: ओल्या गाड्या, उणे सात.

सेठने चष्मा वर केला. उणे सात म्हणजे? आपल्या सात गाड्या कोणी घेऊन गेलं काय? वाहिदभाईंना बोलावून गेटवरच्या चौकीदाराची चौकशी सुरू केली. चौकीदार शपथा घ्यायला लागला. तेव्हा मला सांगावं लागलं की 'खरं' उणे एक असतं, सात वेळा खरं म्हणजे उणे सात.

सेठने चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, बेबी, तू जेवत जाय बरं टायमावर.

चौकीदाराची माफी मागितली. त्यासाठी त्याच्या खोलीपर्यंत गेले. बायकोचीही मागितली.

२४/११, शुक्रवार

दोन गोष्टी.

एक: नागपूरहून पत्रकार आले होते, कापसाचे भाव आणि शेतकऱ्यांचे हाल यांवर लिहायला. सेठने त्यांना माझा कॉम्प्युटर दाखवला. त्यांनी पाहिलाही नाही. त्यांना फोटोसाठी रडता माणूस हवा होता. रूपसिंग बंडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. म्हणाला, आज नाही जमत, उद्या या.

दुसरी: नवा हुकूम. व्यापारी लोक शेतकऱ्याच्या नावावर कापूस विकतात म्हणून सोमवारी, ४ तारखेपासून प्रत्येक पावतीवर शेताचा गट नंबर पाहिजे. कापसाची प्रत ठरवणारे सरकारी ग्रेडरसाहेब तो सातबाऱ्याशी ताडून पाहणार. जुळला तर कापूस उतरवायचा, नाही जुळला तर गाडी बाजूला. सेठ म्हणाले, बेबी, हे जमलं तर पुढल्या सालीही तूच. नाही जमलं तर नागपूरची कंपनी बसलीच हाये.

म्हणजे पाटी याच्यावर आहे. पेंटरला भेटून आले. 'भैरवी'चा भ मोठा काढायला सांगितला. काम सध्या थांबवून ठेवायला सांगितलं, पण भ ठरला.

२८/११, मंगळवार

गट नंबर म्हणजे नंबर. म्हणून लाँग. मोठा गंज. मी आता फसणारी नाही.

रात्री जेवताना बाबा सहज म्हणाले, पोटहिस्सा असला की मध्ये तिरकी रेघ येते हो. पंचेचाळीसचे दोन भाऊ वेगळे झाले की ४५/१ आणि ४५/२. घालून पाहिलं. मशीन म्हणालं, टाइप मिसमॅच. ते आधीच कळलं हे बरं. कोणी म्हणेल पटवाऱ्याच्या मुलीला हे माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. आठवलं नव्हतं.

३०/११, गुरुवार

आयुष्यातली सगळ्यात चांगली कल्पना. प्रत्येक रकान्याला टाइप ठरवत बसायचंच कशाला? मी एक फंक्शन लिहिलं. नाव 'ओळख'. त्याच्या हातात काहीही द्या, ते स्वतः पाहून ठरवतं: हा आकडा आहे का? मग आकड्याच्या भांड्यात. ही तारीख दिसते का? मग तारखेच्या. दोन्ही नाही? मग अक्षरांच्या. आता मिसमॅच होणेच नाही. ट्रायलला ४५ दिला, आकडा ओळखला. ३२/१अ दिला, अक्षरं ओळखली. दोन्ही अचूक.

भिंतीवरचा तक्ता काढून गुंडाळून ठेवला. एखाद्या दिवशी यवतमाळच्या सरांना दाखवीन.

संकल्प कायम: सोमवारी पावती बाहेर पडली की पाहायची नाही. विश्वास ठेवायचा. आजारी माणसासारखं पुन्हा पुन्हा तपासायचं नाही.

४/१२, सोमवार

सकाळी दहा. सुरू. 'ओळख' एकदाही अडलं नाही. प्रिंटर खिडकीबाहेर आहे, पावती थेट शेतकऱ्याच्या हातात. मी एकही पाहिली नाही. मोठी प्रगती.

साडेअकरा. खूप शांत वाटतंय. बाहेर जरा गलका आहे, पण बाजाराचा दिवस असेल.

दुपार. बाजाराचा दिवस नव्हता.

झालं ते क्रमाने लिहिते. वाहिदभाई मूठभर पावत्या घेऊन आत आले. म्हणाले, बेबी, हे सरकारनं नवीन काढलं काय? पंचेचाळीसच्या दोनवाल्याचं वावर एक फेब्रुवारी एकोणीसशे पंचेचाळीस लिहून आलं. हे तं अंग्रेजांच्या टाइमचं झालं. रूपसिंगचं वावर ११ जानेवारी. एकाचं ऑगस्टमध्ये.

तिरकी रेघ पाहिली की 'ओळख' तिला तारीख समजलं. मी शिकवलं तसंच त्याने केलं.

ग्रेडरसाहेबांना काहीच जुळेना. ते गाड्या बाजूला लावत गेले. पार भिंतीपर्यंत बंड्याच बंड्या, बैल सोडलेले, माणसं सावलीत. सगळ्यांत पुढे मानीबाई. म्हातारी, तांड्यावरची, एकटीच बंडी हाकत आली होती. तिचा गट नंबर ५/१२. पावतीवर ५ डिसेंबर. ग्रेडरसाहेबांनी पावती पाहिली आणि म्हणाले, बाई, ही उद्याची आहे. उद्या या.

मानीबाई माझ्या खिडकीशी आली. पदर डोक्यावर नीट घेतला, पावती आत सरकवली. म्हणाली, पोरी, माह्यं वावर नाल्यापाशी हाये. उद्या गेलं तं हे परवावर जाईन काय?

मी म्हटलं, नाही.

तं मंग आज काहून नाही?

आयुष्यात पहिल्यांदा मला टेक्निकल बोलावंसं वाटलं नाही. ती कापसावर जाऊन बसली. घाई नव्हती तिला. पण हा तिचा सगळा कापूस होता. एक बंडी. रात्री दव पडलं की ओला होणार, आणि ओल्याचा भाव वेगळा. माझ्या रिपोर्टात तो उणे एक.

बाबा डबा घेऊन आले होते. मी जेवले नव्हते. त्यांनी एक पावती उचलली, चष्मा लावला, पाहिली. दुसरी पाहिली. रागावतील असं वाटलं. म्हणाले, मी अख्खी नोकरी या जमिनी मोजल्या, पण कुणाचं शेत ऑगस्टमध्ये पडलेलं पाहिलं नाही. मग खिशातलं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा सेठच्या कपाटातून वाहिदभाईंनीच आणला. गेल्या वर्षीचा उरलेला.

लिहायला बसले. मानीबाईची पहिली. ५/१२. पाच, तिरकी रेघ, बारा. कागदाने काहीही ओळखलं नाही. जसं लिहिलं तसं ठेवून घेतलं.

संध्याकाळ. सगळ्या गाड्या उतरल्या. मानीबाईची दिवे लागायच्या आधी, कोरडी. जाताना तिने खिडकीतून मूठभर कापूस आत ठेवला. वाती कर म्हणाली. घेऊ की नको, कळेना. सेठला विचारून घेतला.

सेठ म्हणाले, ग्रेडरसायबानं तुझी एकही पावती वापस नाही केली. म्हणे, असं अक्षर तहसीलातही नाही. आता असं कर बेबी. ते मशीन राहू दे. नागपूरवाल्याचंही नको, त्याचीही असलीच भानगड निघन. तू सीझनभर हातानं लिही.

म्हणजे काम गेलं नाही. फक्त पद्धत बदलली. याला आमच्या भाषेत मॅन्युअल मोड म्हणतात.

५/१२ (तारीख), मंगळवार

दिवसभर मॅन्युअल मोड. बोटाला शाई. चार ओळी सुबक लिहायच्या आणि सही घ्यायची. वाहिदभाई म्हणाले, बेबी, आता कसं मस्त चालून राह्यलं सॉफ्टवेअर. मॉनिटरवर सेठच्या मुनीमांनी टोपी ठेवली होती. मी तिथे जुनी चादर टाकली.

मामाला आईने फोन केला: जागा दुसऱ्याला दे, पोरीला इथेच मिळाली. कसली मिळाली, ते सांगितलं नाही. पुढच्या खोलीत तिने तूर वाळत घातली आहे. पेंटरने निरोप पाठवला, भ काढून झालाय, पुढे काय? आईने त्याला 'भांडी भाड्याने मिळतील' लिहिता येईल का विचारलं.

संकल्प: उन्हाळ्यात सगळं नव्याने. प्रत्येक रकान्याला एकच टाइप, अक्षरं. बाण एकच लागेल. तो पट्टी घेऊन काढीन.

रोजनिशी उघडून वर तारीख घातली, तेवढ्यात बाबा चहा ठेवायला आले. त्यांची नजर पानाच्या डोक्यावर गेली. म्हणाले, मानीबाईचं शेत घरी कशाला आणलं? तिचं तर कालच झालं ना.

म्हणून वर कंसात लिहून ठेवलं आहे.